पाचवी खुर्ची

"प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाईन, पण बांध सोडणार नाही," असे म्हणणारी माणसे आपल्याकडे गावोगावी होऊन गेली. त्यांतल्या बहुतेकांनी लंडन सोडाच, मुंबईही पाहिली नसेल. पण शेवटचा शब्द तिकडे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपले ते अपील १९४९ साली बंद झाले. हाँगकाँगच्या माणसाचे मात्र ब्रिटिश अंमल संपेपर्यंत, म्हणजे जून १९९७ अखेरपर्यंत, लंडनलाच जात राहिले. त्यानंतर ते कुठे जायचे, यावरून ब्रिटन आणि चीनमध्ये बरीच वर्षे ओढाताण चालली. न्यायालयाच्या दारात ताटकळणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याला दोन दशके उलटली. म्हणून ही हकीकत.

कागदावर सगळे सरळ होते. १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात दोन्ही सरकारांनी कबूल केले की, हस्तांतरणानंतर अंतिम निवाड्याचा अधिकार हाँगकाँगमधल्याच न्यायालयाला राहील आणि गरजेप्रमाणे इतर कॉमन लॉ देशांतले न्यायाधीश तिथे बोलावता येतील. ब्रिटनचे म्हणणे, हे न्यायालय आधीच उभे करू या. सत्ता बदलेल त्या दिवशी घडी बसलेली असेल. सप्टेंबर १९९१ मध्ये तसे ठरलेही. पाच जणांचे पीठ, चार स्थानिक आणि बाहेरचा फार तर एक.

इथेच ठिणगी पडली. मराठीत एक न्यायाधीश आणि दहा न्यायाधीश, शब्द तोच. इंग्रजीत शेवटी एक 'एस' लागतो, आणि जाहीरनाम्यात तो लागलेला होता. वकील म्हणाले, मजकूर अनेकवचनी आहे, मग बाहेरचा एकच कसा? डिसेंबर १९९१ मध्ये हाँगकाँगच्या विधिमंडळाने हा तोडगा नाकारला. एका अक्षराचा हा हट्ट पोरकट वाटेल, पण मला वकिलांचे म्हणणे पटते. करारात अक्षरांखेरीज दुबळ्या बाजूच्या हाती असते तरी काय?

पुढे १९९२ साली ख्रिस पॅटन गव्हर्नर होऊन आले. त्यांच्या निवडणूक सुधारणांवरून बीजिंगशी असे बिनसले की न्यायालयाचा विषय मागेच पडला. शिवाय दुसरी अडचण होती. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार 'यांसारख्या' राज्यकृत्यांना या न्यायालयाने हात लावायचा नाही, अशी तरतूद होती. ते 'यांसारख्या' किती ताणायचे, हीच धास्ती.

अखेर ९ जून १९९५ रोजी समझोता झाला. चार अधिक एक कायम, राज्यकृत्यांचे कलम कायम, आणि न्यायालय उघडणार १ जुलै १९९७ ला. म्हणजे 'आधी उभारू' हा ब्रिटनचा मूळ आग्रहच गळाला; आधी झाली ती फक्त तयारी. लोकशाहीवादी नेते मार्टिन ली इतके संतापले की त्यांनी पॅटन यांच्यावर अविश्वास ठराव आणला. तो फेटाळला गेला आणि जुलैमध्ये कायदा मंजूर झाला.

पण खरी मेख वेगळ्याच कलमात होती. मूलभूत कायद्याच्या १५८ व्या कलमाप्रमाणे त्या कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार बीजिंगच्या स्थायी समितीकडे आहे. २९ जानेवारी १९९९ रोजी नव्या न्यायालयाने हाँगकाँगच्या रहिवाशांच्या, मुख्य भूमीवर जन्मलेल्या मुलांना वास्तव्याचा हक्क देणारा निकाल दिला. हाँगकाँग सरकारच बीजिंगकडे गेले. २६ जूनला समितीने वेगळा अर्थ लावला आणि अनेक कुटुंबांची आशा मावळली. निकाल लागलेल्या पक्षकारांचा हक्क राहिला. मागून येणाऱ्यांचा गेला. हे न्यायालय १९९३ साली सुरू झाले असते, तरी या कलमापुढे त्याचे काय चालले असते, असा प्रश्न मला पडतो.

पाचवी खुर्ची मात्र शोभेची ठरली नाही. ऑस्ट्रेलियाचे अँथनी मेसन, न्यूझीलंडचे लॉर्ड कुक अशी नामांकित माणसे तिच्यावर बसली. २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि चित्र पालटले. मार्च २०२२ मध्ये लॉर्ड रीड व लॉर्ड हॉज यांनी राजीनामे दिले, जून २०२४ मध्ये लॉरेन्स कॉलिन्स आणि जोनाथन सम्प्शन यांनी. सम्प्शन यांनी तर आपली कारणे वर्तमानपत्रात सविस्तर लिहिली. बाहेरचे इतर काही न्यायाधीश त्या वेळी राहिले.