जुन्या पिकअप गाडींतील खटखट आणि मालकाचें कर्तव्य

आमच्या नांदेड-लातूर भागांत पूर्वीं ज्या दारांत बैलगाडी सुटलेली दिसे, तेथें हल्लीं पुष्कळ ठिकाणीं एखादी जुनी पिकअप गाडी उभी असते. अर्धापूरकडील केळीं, लोहा-कंधारकडील सोयाबीन, औसा-उदगीरकडील तूर बाजारास पोंचविण्याचें काम तीच करते. गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातून आलेली असते, आणि केव्हां ना केव्हां तिच्या पोटांतून ‘खट्ट’ असा आवाज येऊं लागतो. हा आवाज आला म्हणजे मालक दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ असें म्हणून सुगी काढतो. अथवा घाबरून गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करतो व तो म्हणेल तें उघडूं देतो. आमच्या मतें दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत, आणि पहिला तर प्रसंगीं जिवावर बेतणारा आहे.

गाडीची रचना समजून घेणें कांहीं कठीण नाहीं. इंजिन व गिअरबॉक्स हीं चासीस बांधलेलीं असतात. मागील आंस मात्र पाट्यांवर खालींवर हलतो. या दोहोंस जोडणारा लांब शाफ्ट फिरतांना वांकूं शकला पाहिजे, म्हणून त्यास कोपर असतें. यासच मिस्त्री लोक ‘क्रॉस’ म्हणतात. चार बोटांचा पोलादी तुकडा, व प्रत्येक बोटावर सुईसारख्या बारीक कांड्यांनीं भरलेली एक टोपी, एवढाच हा सांधा. अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यानें १९०३ सालीं अशा सांध्याचें पेटंट मिळविलें, व साखळीच्या जागीं शाफ्टानें गाडी चालविणें सोयीचें झालें. बैलगाडीच्या कण्यास जसें वंगण, तसें या टोप्यांस ग्रीस. पण वंगण संपलेली बैलगाडी कुरकुरून साऱ्या गांवास सांगत असे. क्रॉस मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीं. ग्रीस आटतें, पावसाळ्याचें पाणी आंत शिरतें, कांड्या गंजून झिजतात, आणि ताण बदलला कीं बोट टोपींत आपटतें. तीच ती ‘खट्ट’.

या झिजेस आमच्याकडे एक खास कारण आहे. अधिक माल बसावा म्हणून पुष्कळ लोक मागें जास्तीचे पाटे घालतात. त्यामुळें रिकामी गाडी मागून उचलली जाते, शाफ्टाचा कोन वाढतो, व क्रॉसवर अधिक पीळ बसतो. २०१६ च्या दुष्काळांत लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें वाचकांस आठवत असेल. त्या उन्हाळ्यांत पिकअपवर टाक्या ठेवून पाणी वाहण्याचा धंदा जोरांत होता. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकींतील पाणी ब्रेक लावतांच पुढें धांवतें व गाडी सुटतांच मागें. शाफ्टास असे उलटसुलट हिसके बसले म्हणजे सांधे कसे टिकावे? त्या काळांत राबलेली गाडी कोणी विकावयास काढली, तर घेणाऱ्यानें तिचे खालचे सांधे आधीं पाहावे.

आमचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. हद्दीचा तंटा आला म्हणजे आधीं बांधावर जाऊन दगड पाहावा व मग नकाशा उघडावा, असा शहाण्या अंमलदारांचा रिवाज होता. यंत्रासही तोच लागू आहे. उघडण्यापूर्वीं आवाज केव्हां येतो तें नीट ऐकावें. गाडी सुटतांना, पाय अॅक्सिलरेटरवरून काढतांना किंवा रिव्हर्स घालतांना एकदांच ‘खट्ट’ झालें, तर कोठें तरी चाल वाढली आहे. हळू वेगांत चाकाच्या फेऱ्यांबरोबर ‘टक-टक’ किंवा चिरचिर झाली, तर क्रॉस कोरडा पडला असें समजावें. ठराविक वेगास सर्व गाडी थरथरली, तर शाफ्टाचा तोल अथवा दोन तुकड्यांच्या शाफ्टामधील रबरी बेअरिंग पाहावें. ओझें ओढतांना एक सुरांत हुंकार येतो व पाय काढतांच सूर बदलतो, तेव्हां मात्र हौसिंगकडे वळावें. मग तेथील तेल काढून त्यांत लोखंडाचा चुरा येतो कीं काय हें पाहणें योग्य.

यानंतर हाताची परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करावी, चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावावे, इंजिन बंद व गिअर न्यूट्रल ठेवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. शाफ्ट दोन्ही हातांनीं धरून इकडे-तिकडे पिळावा व नजर क्रॉसच्या दोन चिमट्यांवर ठेवावी. एक चिमटा हलतो व दुसरा स्वस्थ राहतो, तर दोष क्रॉसचा. टोपीच्या कडेस तांबूस भुकटी दिसली तर शंकाच उरली नाहीं. दोन्ही चिमटे मिळून हलतात व ‘टक’ हौसिंगच्या आंत होते, तर चाल दांत्यांची. ती थोडी सर्वच गाड्यांत असते, तेवढ्यावरून घाबरूं नये. तसेंच पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत काय, पाट्यांचे बूश व गिअरबॉक्सखालील रबर फाटलें आहे काय, हें त्याच बैठकींत पाहून घ्यावें. सैल यू-बोल्टामुळें सर्व आंसच सरकून आवाज होतो, आणि त्यास पान्याशिवाय कांहीं लागत नाहीं.

हें सर्व मालकानें स्वतः पाहावें असा आमचा आग्रह कां, तें सांगतों. क्रॉसचा खर्च शेंकड्यांचा, हौसिंगचा हजारांचा. मिस्त्री सगळेच लबाड असतात असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यास आवाजाचा ठाव नाहीं तो मिस्त्री मोठ्या वस्तूपासून आरंभ करतो. क्रॉस बदलतांना एक गोष्ट मात्र मालकानें उभें राहून करवून घ्यावी: शाफ्ट काढण्यापूर्वीं जोडांवर खूण. वांकड्या सांध्यांतून शाफ्टाची गति प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां कमी-जास्त होते, व दुसऱ्या टोकाचा चिमटा त्याच रेषेंत असेल तरच ती तफावत भरून निघते. दांता चुकवून शाफ्ट बसविला, तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते, आणि मग हौसिंग उघडण्याचा सल्ला मिळतोच.

आणि खर्चाहून मोठी गोष्ट जिवाची. पुढचा क्रॉस धांवतांना तुटला, तर शाफ्टाचें टोंक रस्त्यावर पडून जमिनींत रुतूं शकतें व गाडी उचलली जाते. बालाघाटाच्या उतारावर किंवा माहूर-किनवटकडील वळणांवर शाफ्ट सुटला, तर इंजिनाचा रोध तत्क्षणीं नाहींसा होतो. जुन्या विलीज जीपमध्यें हातब्रेकही शाफ्टाच्याच वाटेवर असतो. मागचा शाफ्ट सुटला कीं तोही निकामी. अशा गाडीच्या हौद्यांत सुगीच्या दिवसांत मजूर बायका दाटीनें बसविलेल्या आपण नित्य पाहतों. मालाच्या गाडींत अशीं माणसें वाहणें कायद्यानें मना आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें विम्याचें छत्र मालाबरोबर बसलेल्या मालकास किंवा त्याच्या प्रतिनिधीस मिळालें, सर्व बसणारांस नव्हे. ज्या मालकास सहा महिने ‘खट्ट’ ऐकूं येत होती, तो अपघातानंतर त्या घरच्या लोकांस काय सांगणार?

सोयाबीनची काढणी सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक दिवस ठरवून आपल्या गाड्या एका जागीं आणाव्या. ग्रीसची एक पिचकारी व पान्यांचा एक संच वर्गणींतून घेतां येईल. ज्या क्रॉसला निप्पल आहे त्यांत जुनें ग्रीस टोपीच्या चारही कडांनीं बाहेर येईपर्यंत नवें भरावें. तीन कडांनींच आलें व चौथ्या कडेनें न आलें, तर तो क्रॉस त्याच दिवशीं काढून पाहावा.