परसातील रानमेवा आणि कात्री

ज्या गावाचे नाव घेताच एका फळझाडाचेही नाव घेतले जाते, त्या आमच्या भोकर गावी परसातील फळांविषयी चार शब्द लिहावयास निराळे निमित्त शोधण्याचे कारण नाही. भोकराची चिकट गराची फळे व त्यांचे लोणचे कोणास ठाऊक नाही? तथापि आपल्या घराच्या मागे थोडी जागा असली म्हणजे आपले चित्त दूरच्या फळांकडे धावते, आणि रासबेरी येथे लावावी काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. या प्रश्नाचा आम्ही सरळ विचार करू इच्छितो.

रासबेरी हे थंड हवेचे फळ आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तेथे स्ट्रॉबेरीच्या जोडीने रासबेरीही होते. या झुडपाच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात दीर्घकाळ कडक गारठा मिळाल्यावाचून नीट फळ धरत नाही. उलट नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्याही वर चढतो. अशा हवेत हे नाजूक रोप लावणे म्हणजे पैसा, पाणी व उमेद या तिहींचा अपव्यय होय. मात्र तिच्या लागवडीतील एक धडा आपण अवश्य घ्यावा. रासबेरीच्या मुळ्या वर्षानुवर्षे जगतात, पण साधारणतः तिची काठी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते व वाळून जाते. ती फळलेली काठी माळी बुडाशी कापून टाकतो आणि नव्या काठीस उजेड व जागा देतो. जुन्याचा मोह सोडल्यावाचून नवे फळत नाही, हे तो जाणतो. आपण मात्र आपल्या परसातील झाडांच्या बाबतीत हे विसरतो.

बोरीचेच पाहा. संक्रांतीच्या वाणात बोर हवे, तान्ह्या मुलांच्या बोरन्हाणास बोर हवे. पण बोरीस कोणी कात्री लावीत नाही. वास्तविक बोरीस फळ येते ते त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर. म्हणून आपल्या महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास, बहर संपून झाड विसावले असता, तिची छाटणी करावी. म्हणजे पावसाळ्यात जोमदार फुटवे येतात व हिवाळ्यात टपोरी बोरे लागतात. न छाटलेल्या बोरीत फांद्यांची गर्दी होते, वारा खेळत नाही, भुरी पडते आणि फळ बारीक राहते. मग झाड वाईट म्हणून एके दिवशी ते समूळ तोडले जाते!

फालशाची गोष्टही अशीच आहे. हे जांभळट, आंबटगोड फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांतच खराब होऊ लागते, म्हणून ते बाजारात क्वचित दिसते. ते परसातच असावे. डिसेंबर-जानेवारीत झुडूप गुडघा ते कंबर यांच्या दरम्यान कापले असता नव्या फांद्यांच्या पानांच्या बेचक्यांत फळे येतात व उन्हाळ्यात ती थोडीथोडी पिकत जातात. तुतीसही छाटणी मानवते. नव्या पालवीबरोबरच तिला फळे धरू लागतात.

परंतु सर्वांस एकच नियम लावणे हेही अज्ञानच होय. करवंदीची फुले फांद्यांच्या शेंड्यांशी येतात. तिचे कुंपण सुबक दिसावे म्हणून जो बारमाही कात्री चालवितो, त्यास कुंपण मिळते, करवंदे मिळत नाहीत. तिला फळे सरल्यावर थोडेसे सावरले की पुरे. तात्पर्य, झाड कोणत्या फांदीवर फळते हे आधी पाहावे, मग हत्यार उचलावे.

हिरवी फांदी कापणे हे पाप, असे मानणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्या ममतेविषयी आम्हास आदर आहे. परंतु तोड आणि छाटणी यांत महदंतर आहे. कोयत्याने ओरबाडलेली साल ही जखम होय. धारदार कात्रीने डोळ्याच्या किंचित वर दिलेला तिरपा काप ही निगा होय. वाळलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या प्रथम काढाव्या. जाड फांदीच्या कापावर बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यांत निरनिराळा भिजवून, दोन्ही मिळून पाणी १ लिटर होईल अशा बेताने एकत्र केले की ते तयार होते. लोखंडी भांडे मात्र वापरू नये.

आमचे मत थोडक्यात असे: दुर्मिळ रोपासाठी हळहळण्यापेक्षा आपल्या उन्हात तगणारी एक बोर व एक फालसा प्रत्येक परसात असावा, आणि त्यांची वार्षिक छाटणी घरातील मुलामुलींच्या हाती सोपवावी. वडिलांनी शेजारी उभे राहून केवळ कोणती फांदी ठेवावयाची एवढे दाखवावे. पहिल्या वर्षी बोडके झाड पाहून शेजारी हसतील, तर हसोत. पुढील संक्रांतीस त्यांच्याच घरी ओंजळभर बोरे पाठवावीत, म्हणजे झाले.