आनंद देणारी संख्या

लालबर्र्यासारख्या गावी आपल्या घरांतील मुले हिंदीतून गणित शिकतात आणि ‘बेचाळीस’ म्हटले की क्षणभर थबकतात. अशा मुलापुढे एके सायंकाळी १४२८५७ ही संख्या मांडून पाहावी.

तिला दोनाने गुणले की २८५७१४, तिनाने गुणले की ४२८५७१. सहापर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. साताने गुणताच सहा नऊ उभे राहतात! कारण एकास साताने भागले असता दशांशचिन्हापुढे हेच अंक पुनःपुन्हा येतात. आता तिचा वर्ग करावा : २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज घेतली की मूळ संख्या परत हाती येते.

अशा संख्यांस जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नसल्याने त्यांच्या संशोधनाकडे येथे पुष्कळांनी खेळ म्हणून पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सर्वदूर पोहोचले.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांस त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. आपली संख्याही हर्षदच आहे : बेरीज २७, भागाकार ५२९१.

मूल हिंदीत मोजो वा मराठीत, उत्तर तेच निघेल. परंतु हे नाव ठेवणारा मास्तर आपल्या भाषेचा होता, एवढे त्याला घरीच कळावे. शाळेत ते कोण सांगणार?