स्वाक्षरीची किल्ली कोणाच्या हाती?

३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरच्या न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ‘न्याय कौशल’ हे ई-संसाधन केंद्र सुरू झाले. तत्कालीन सरन्यायाधीश आणि नागपूरचे सुपुत्र न्या. शरद बोबडे यांनी त्याचे उद्घाटन केले. सर्वोच्च न्यायालयापासून जिल्हा न्यायालयापर्यंत कोठेही ई-फायलिंग करून देणारे हे देशातील पहिले केंद्र. विदर्भातील पक्षकाराचे दिल्ली-मुंबईचे हेलपाटे वाचावेत, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता.

परंतु कागद संगणकावर चढविणे सोपे. तो अमक्याच माणसाने दिला, हे निःसंशय ठरविणे कठीण. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला शाईच्या स्वाक्षरीचा दर्जा दिला. बोटाएवढ्या टोकनमध्ये गुप्त किल्ली आणि तिच्यावर पिनचा पहारा. कुलूप भक्कम आहे, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न किल्लीचा आहे. याच कायद्याच्या कलम ४२ नुसार ती स्वतःच्या ताब्यात राखण्याची दक्षता स्वाक्षरीधारकाने घ्यायची असते. ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणन प्राधिकरणाला विनाविलंब कळवायचे असते. व्यवहारात काय दिसते? संचालकाचे टोकन हिशेबनीसाच्या खणात, वकिलाचे कारकुनाकडे आणि पिन लिहिलेली चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली! सावकारापुढे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याला आपण अडाणी म्हणत आलो. तो बिचारा निदान नाइलाजाने तसे करीत होता. सुरक्षित डिजिटल स्वाक्षरी धारकानेच केली असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, न्यायालय गृहीत धरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे गृहीतक कायम आहे. म्हणजे कारकुनाने काही भलते केले, तर ‘ते मी नव्हे’ हे सिद्ध करण्याचा भार मालकाच्याच शिरावर.

शासनयंत्रणाही निर्दोष नाही. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली. ती प्रथम लक्षात आली ती गूगलच्या. आपल्या घरची चोरी परक्या कंपनीने दाखवून द्यावी, ही स्वाभिमानी राष्ट्राला भूषणावह गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट संकेतस्थळ निघाले आणि निबंधक कार्यालयाला जाहीर इशारा द्यावा लागला.

कारकुनाविना वकिली चालत नाही, हे मान्य. म्हणूनच कामाची वाटणी स्पष्ट हवी. कागद कारकुनाने जुळवावेत, चढवावेत. स्वाक्षरीच्या क्षणी मात्र वकील स्वतः संगणकापुढे असावा आणि टोकन त्याच्याच खिशातून घरी जावे. नागपुरातील वकील संघटनांनी हा दंडक आपल्या सदस्यांना घालून द्यावा आणि ई-फायलिंगच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिला तास कलम ४२ ला द्यावा. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.