छत्री, ऑक्टा आणि आईचा चेहरा

फ्लॅश विकत घेतला की महिन्याभरात माणसाला दुसरा रोग जडतो. फ्लॅशपुढे लावायच्या सामानाचा. छत्री, सॉफ्टबॉक्स, ऑक्टाबॉक्स, स्ट्रिपबॉक्स, ब्यूटी डिश, स्नूट, ग्रिड... यादी संपत नाही, खिसा मात्र संपतो. परवा भाच्याचा फोन. "मामा, १२०चा ऑक्टा घेऊ का १५०चा?" मी विचारलं, "फोटो कोणाचे काढणार आहेस?" म्हणाला, "आजीचे."

आजी म्हणजे माझी आई. वय ८३. तेव्हा म्हटलं, जरा सविस्तरच लिहावं, बाकीची भाचरंही वाचतील.

आपल्याकडे भिंतींवर हार घातलेले फोटो असतात ते आठवून बघा. बरेचसे कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले, नाहीतर बँकेच्या कामासाठी काढलेल्या पासपोर्ट फोटोवरून केलेले. पासपोर्ट फोटोला दोन्ही बाजूंना एकेक छत्री, दोन्ही सारख्याच जोराच्या. नाकाला सावली नाही, गालाला उतार नाही. ओळखपत्राला ते योग्यच, तिथे चेहरा ओळखू आला की काम झालं. पण माणूस गेल्यावर पुढची तीस वर्षं तोच फोटो बघत राहायचं म्हणजे कठीण आहे. म्हणून एक फोटो वेळेवर, नीट काढून ठेवावा या मताचा मी आहे. आई स्वतः हे कितीदा बोलून दाखवते. तिला त्यात काही अभद्र वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

आता मुद्द्याचं. प्रकाश मऊ पडणार की कडक, हे चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य पृथ्वीच्या १०९ पट रुंद, पण १५ कोटी किलोमीटरवर. त्यामुळे दिसतो टिकलीएवढा आणि मे महिन्यात चाकूने कापल्यासारखी सावली पाडतो. तोच ढगाआड गेला की अख्खं आभाळ दिवा होतं. या हिशोबाने ९० सेंटिमीटरचा ऑक्टा ९० सेंटिमीटरवर ठेवला, तर चेहऱ्याला तो १८०चा ऑक्टा १८० सेंटिमीटरवर ठेवल्याएवढाच मोठा. मग दहा बाय बाराच्या खोलीत १५०चं धूड आणायचं आणि मावत नाही म्हणून मागे सरकवायचं, यात काय हशील?

जवळ ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. दिवा चेहऱ्यापासून ३ फुटांवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे ६ फूट असेल, तर भिंतीपर्यंत साधारण ९ फूट. तिप्पट अंतर, म्हणजे प्रकाश एक नवमांश. पांढरी भिंत आपोआप गडद करडी होते. दिवा ६ फुटांवर नेलात की भिंतीला चौथाई मिळतो आणि मागचं कॅलेंडर, स्विचबोर्ड, सगळी मंडळी फोटोत हजर.

छत्रीला मी नावं ठेवत नाही. स्वस्त असते, झटकन उघडते, मी तिच्यावरच शिकलो. पण घरच्या खोलीत ती प्रकाश चहूकडे उधळते. छतावरून, भिंतींवरून तो परत येतो आणि सावल्या भरून टाकतो. झाला पुन्हा पासपोर्ट फोटो! त्यात आमच्या हॉलची एक भिंत पिस्ता रंगाची. तिच्यावरून आलेला प्रकाश गालावर काय करतो ते विचारू नका. म्हणून माझं मत ९०च्या ऑक्टाला, आणि त्याला पुढून लावायची कापडी ग्रिड हवीच. ग्रिडमुळे प्रकाश समोर जातो, आजूबाजूला सांडत नाही. (घेताना बोवेन्स माउंटचा घ्या. ती कंपनी २०१७मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट आजही बऱ्याच फ्लॅशना चालतो.)

ब्यूटी डिश या कामाला नको. तरुण, तुकतुकीत चेहऱ्यावर ती छान दिसते, पण ८३ वर्षांच्या चेहऱ्यावर एकेक सुरकुती कोरून काढते. हॉलिवूडच्या जॉर्ज हरेलने १९३०च्या दशकात कडक दिव्यांत नटनट्यांचे अप्रतिम फोटो काढले, पण नंतर निगेटिव्हवर रिटचिंगही भरपूर व्हायचं.

उलट टोकही तितकंच वाईट. मोठा ऑक्टा कॅमेऱ्याच्या अगदी वर, समोरून लावला की सुरकुत्या पुसल्या जातात आणि आईच्या जागी कुणीतरी गुळगुळीत बाई येऊन बसते. दिवा बाजूला घ्या, साधारण ४५ अंशांवर, डोळ्यांच्या जरा वर. दुसऱ्या बाजूला पांढरी कार्डशीट चिकटवलेला पुठ्ठा धरा आणि सावली हवी तेवढीच उजळा. सुरकुत्या दिसू देत. कपाळावरच्या त्या दोन उभ्या रेषांतल्या निम्म्या तरी आमच्यामुळेच पडल्यात!

राहता राहिला चष्मा. मोठा दिवा काचेत पांढऱ्या खिडकीसारखा दिसतो. दिवा थोडा वर आणि बाहेर सरकवा, नाहीतर चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचला, काच खाली झुकते आणि खिडकी जाते. कंटाळून "आई, चष्मा काढ" म्हणू नका. चाळीस वर्षं तिला चष्म्यातच पाहिलंय आपण.