गेलेल्यांचे टोकन बंद करा

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधून आणि मिहानमधून माणसे सतत बाहेर पडतात. कोणी पुण्याला जातो, कोणी बंगळुरूला. जाणाऱ्याकडून लॅपटॉप परत घेतात, ओळखपत्र जमा करून घेतात, ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या होतात. क्लाउडवरच्या पॅकेज रिपॉझिटरीत, म्हणजे तयार कोडच्या सामाईक कोठारात, त्याला दिलेली परवानगी मात्र कित्येकदा तशीच राहते, कारण त्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नसतो. ही ढिलाई अत्यंत घातक आहे आणि ती आजच थांबली पाहिजे.

बँकेचे ॲप असो की मालमत्ता कराचे पोर्टल, कोणतेही सॉफ्टवेअर आज सहसा पहिल्या ओळीपासून कोणी लिहीत नाही. शेकडो तयार पॅकेज रिपॉझिटरीतून आपोआप ओढून घेतली जातात. त्यामुळे तिथे ‘पब्लिश’ करण्याची, म्हणजे पॅकेज चढवण्याची, परवानगी ज्याच्या हाती, त्याचा कोड थेट इतरांच्या सर्व्हरवर पोहोचतो. ८ सप्टेंबर २०२५ रोजी जगाने हे पाहिले. एनपीएम या रिपॉझिटरीतील एका विकासकाला बनावट ईमेलने फसवून ‘चॉक’, ‘डीबग’ अशा १८ पॅकेजमध्ये चोरी करणारा कोड घुसवण्यात आला. या पॅकेजची आठवड्याची एकत्रित डाउनलोड संख्या दोनशे कोटींहून अधिक होती.

त्याच महिन्यात आलेला ‘शाय-हुलुद’ हा आपोआप पसरणारा वर्म त्याहून भयंकर. तो ज्या संगणकात शिरे तिथली टोकन (पासवर्डऐवजी चालणारे डिजिटल परवाने) आणि क्लाउडच्या किल्ल्या स्वतःच शोधून काढी, आणि त्या टोकनने पुढच्या पॅकेजमध्ये स्वतःची प्रत पब्लिश करी. पाचशेहून अधिक पॅकेज अशी बाधित झाली. ‘आमचा जुना माणूस प्रामाणिक आहे’ हा युक्तिवाद इथेच संपतो. माणूस कितीही सज्जन असो, त्याचे विसरलेले टोकन आता यंत्रच हुडकून काढते.

आणि सूड घेणारेही असतातच. सिंगापूरच्या ‘एनसीएस’ कंपनीने २०२२ मध्ये काढून टाकलेल्या एका कर्मचाऱ्याने मार्च २०२३ मध्ये तिचे १८० व्हर्च्युअल सर्व्हर पुसून टाकले. सिस्टिममध्ये शिरण्याची वाट महिनोन्‌महिने उघडीच होती. नुकसान झाले नऊ लाखांहून अधिक सिंगापूर डॉलरचे.

नागपूरला तर हे कोणी परदेशातून येऊन सांगण्याची गरज नाही. शालार्थ आयडी घोटाळ्यात बोगस शिक्षकांच्या नावे पगार उचलल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघड झाले, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि लॉगिनच्या गैरवापराचे आरोप झाले. कोणत्या लॉगिनने कोण काय करू शकतो, यावर नजर नसली की काय होते, हे या शहराने जवळून पाहिले आहे.

परवानगी काढणे वाटते तितके सरळ नसते, हेही खरे. ॲमेझॉनच्या ‘कोडआर्टिफॅक्ट’ या पॅकेज रिपॉझिटरी सेवेत एक परवानगी रिपॉझिटरीच्या पॉलिसीत लिहिलेली असते, दुसरी त्या माणसाच्या किंवा त्याच्या रोलच्या पॉलिसीत. एकाच खात्यात यांतली कोणतीही एक पुरेशी ठरते. पहिली पुसून निश्चिंत झालेला ॲडमिन दुसरीकडे पाहतच नाही, आणि गेलेला माणूस आतच राहतो. त्यातच बिल्ड सर्व्हर एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर चालत असेल, तर ते काढताच रात्रीची डिलिव्हरी अडते. मग ‘राहू द्या सध्या’ म्हणून ते वर्षानुवर्षे जिवंत ठेवले जाते. सर्व्हरसाठी वेगळी, मोजक्या अधिकारांची ओळख तयार करणे हाच त्यावरचा उपाय. तो एका दिवसाच्या कामाचा आहे.

एनपीएम चालवणाऱ्या गिटहबने ९ डिसेंबर २०२५ रोजी तिथली जुनी ‘क्लासिक’ टोकन सरसकट रद्द केली; लिहिण्याचा अधिकार देणाऱ्या नव्या टोकनची मुदत त्याआधीच जास्तीत जास्त ९० दिवसांवर आणली होती. जगभर तक्रारी झाल्या, तरी निर्णय योग्यच होता. खासगी रिपॉझिटरी चालवणाऱ्या आपल्या कंपन्यांनी त्याहून सैल नियम ठेवण्याचे कारण नाही.

नागपुरातील प्रत्येक कंपनीने, छोट्या स्टार्टअपनेसुद्धा, या आठवड्यात पब्लिशची परवानगी असलेल्यांची यादी काढावी आणि ज्याचे नाव आज हजेरीपटावर नाही त्याचा ॲक्सेस त्याच दिवशी बंद करावा. महापालिकेने आणि राज्य सरकारने सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत अट घालावी : काम सोडणाऱ्याची परवानगी २४ तासांत काढल्याचा लेखी पुरावा मिळाल्याशिवाय पुढचे बिल मंजूर होणार नाही.