अंगदुखीची पुडी बंद करा




अंगदुखीसाठी मेडिकलमध्ये कागदाच्या पुडीत सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांबद्दल हे पत्र आहे. सोलापूरच्या पूर्व भागात औषधनिर्माता म्हणून मी बरीच वर्षं काउंटरवर उभा राहिलो. ‘कंबर लई दुखतीया, काहीतरी चांगलं द्या’ म्हणत येणाऱ्या बायाबापड्यांच्या हातात तीन-चार गोळ्यांची पुडी ठेवायची रीत जुनी आहे. त्यात एक दुखणं थांबवणारी, एक पित्ताची आणि एक बारीकशी गोळी असते. ती बारीक गोळी अनेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड निघते. दुसऱ्या दिवशी दुखणं पळतं, भूक लागते, तरतरी येते. आठवडाभराने माणूस परत येतो आणि ‘तीच पुडी द्या’ म्हणतो. हे थांबलंच पाहिजे.

दुखणं कुणाचं आहे ते आधी बघू. विडी कामगार बाई घरकाम उरकून सूप मांडीवर घेते ती दिवस कलेपर्यंत. पानं सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली, बसायची जागा दाराच्या आत. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर मान वर करायला सवड नाही. यंत्रमागावरचा माणूस बारा-बारा तास शेडमध्ये, आणि रात्रपाळी असली की दिवसा झोपलेला. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या या गावात यांच्या कातडीला ऊन लागतच नाही.

कातडीत कोलेस्टेरॉलशी जवळचं नातं असलेलं एक द्रव्य असतं. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं. यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदल होऊन ते कामाचं बनतं, रक्तातून फिरतं आणि पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांचं काम चालू-बंद करतं. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकंही कोलेस्टेरॉलपासूनच घडतात आणि अशाच रीतीने काम करतात. सगळी एकाच घराण्यातली, आणि पुडीतलं स्टेरॉइडही त्याच घराण्यातलं.

ड कमी पडलं की अन्नातलं कॅल्शियम आतड्यात पुरेसं शोषलं जात नाही. लहानग्यांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडं मऊ पडतात. कंबर, मांड्या ठणकतात, नडगी नुसती दाबली तरी कळ येते, बसल्या जागेवरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. अशी बाई पुडी घेऊन जाते. स्टेरॉइड तिचं दुखणं दडपतं आणि त्याच वेळी कॅल्शियमचं शोषण आणखी घटवतं, लघवीवाटे ते बाहेर घालवतं, हाड बांधणाऱ्या पेशींना मारतं. ही झीज पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने होते. ज्या हाडांसाठी बाई दुकानात आली, तीच हाडं आपण पोखरून देतो आणि वर पैसे घेतो.

पुढचं तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. चेहरा गोल होतो, तेव्हा शेजारणी ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. साखर आणि रक्तदाब चढतो, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याचं हाड सडू शकतं, दबून बसलेला क्षय उसळू शकतो. सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. मग पुडी एकाएकी बंद केली, की रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. म्हणून महिनोन्महिने अशा गोळ्या घेतलेल्यांनी त्या आपल्या मनाने सोडू नयेत. उरलेली पुडी घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावं. मात्रा हळूहळू कमी करता येते.

मी स्टेरॉइडचा शत्रू नाही. जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने दाखवून दिलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू याच डेक्सामेथासोनने सुमारे एक तृतीयांशाने घटतात. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पाहिला. बेसुमार स्टेरॉइड आणि बेताल साखर ही त्याची मोठी कारणं होती. औषध तेच, फरक पडला तो कुणाला, किती आणि कुणाच्या देखरेखीखाली दिलं याने. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांनी तर हे पत्र वाचून तो मुळीच बंद करू नये.

दुसरीकडे, ज्यांना परवडतं ते तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ड जीवनसत्त्व तपासून घेतात आणि आठवड्याला एक घ्यायची 60,000 युनिटची मात्रा रोज घेऊन बसतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात. अमेरिकेत सुमारे 26,000 लोकांवर पाच वर्षं चाललेल्या चाचणीत सरसकट ड दिल्याने कर्करोग होण्याचं किंवा हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. कमतरता असलेल्याला मात्र ते हवंच, आणि आपल्याकडे ती ज्यांच्यात असण्याचा संभव जास्त, त्यांची तपासणी सहसा होत नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात लागणारे किरण फारच कमी असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाच्या उन्हात ड चांगलं बनतं. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, उन्हाळ्यात तर अगदी थोडा. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी.

पुडीतली ही स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकणं आजही बेकायदा आहे. 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइड मलमांनाही त्यात आणलं, तरी गजकर्णावर ती सर्रास दिली जातात. नवा कायदा कुणी मागत नाही. अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक दुकानातल्या स्टेरॉइडची खरेदी आणि चिठ्ठ्यांवरची विक्री ताडून पाहावी. विडी कामगारांच्या दवाखान्यांत हाडं दुखणाऱ्या प्रत्येक बाईची ड आणि कॅल्शियमसाठी तपासणी व्हावी. आणि माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून सांगणं आहे: उद्या कुणी ‘तीच पुडी द्या’ म्हणालं, तर ती देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता, सोलापूर